याचिकाकर्तीची इच्छा असल्यास

आर्वीहून वर्ध्याला तपासणीला गेलो, त्या दिवशी सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाई बोलता बोलता एकदम गप्प झाल्या. आधी त्या छान गप्पा मारत होत्या. पहिलंच का, उलट्या थांबल्या का, घरी कोण कोण असतं. मग पोटावरचं यंत्र एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरायला लागलं. त्यांनी पडदा स्वतःकडे थोडा वळवून घेतला आणि नर्सला सांगितलं, "यांच्या मिस्टरांना आत बोलवा."

मला सातवा महिना लागला होता. लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्याआधी दोनदा दिवस जाऊन राहिले नव्हते, त्यामुळे या खेपेला मी जिना चढतानासुद्धा कठड्याला धरून चढत असे. आर्वीच्या तपासण्यांत सगळं ठीक निघालं होतं. काही दोष उशिरानंच दिसतात, असं या बाईंनी नंतर सांगितलं. त्यात कोणाची चूक नव्हती. चूक असती तर निदान कोणावर तरी रागावता आलं असतं.

मोठ्या डॉक्टरांनी कागदावर पेनानं एक गोल काढून समजावलं. बाळाच्या डोक्यात पाणी साचलं होतं आणि मेंदूची जागा त्या पाण्यानं घेतली होती. पाठीचा कणा खाली उघडा होता. दोन्ही किडन्याही नीट झालेल्या नव्हत्या.

"जन्मल्यावर ऑपरेशन करून..." माझे मिस्टर म्हणाले.

"एवढ्या गोष्टींचं ऑपरेशन नाही होत हो," डॉक्टर म्हणाले. "जगणं फार कठीण आहे. जगलंच तर त्याचे हालच होतील."

मिस्टरांनी विचारलं, मग आता काय करायचं. डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. चोवीस आठवड्यांपर्यंत गोष्ट वेगळी असती, तुम्ही त्याच्या बऱ्याच पलीकडे गेलात, असं ते म्हणाले. आता हे गरोदरपण थांबवायचं असेल तर हायकोर्टाची परवानगी आणावी लागेल. आणि आणायची असेल तर लवकर, कारण प्रत्येक दिवसागणिक ते अवघड होत जाईल.

हायकोर्ट म्हणजे नागपूर. तिथून आमच्या दुकानाची भांडी कधी कधी होलसेलमध्ये येत, तेवढंच आमचं नागपूर. आणि कोर्ट म्हणजे आमच्या घराला माहीत असलेला दुकानाच्या गाळ्याचा दावा, जो सासऱ्यांनी लावला आणि ते गेल्यावरही आर्वीच्या कोर्टात पडून होता. मी मनात म्हटलं, कोर्टाचं उत्तर येईपर्यंत हे लेकरू शाळेत जाईल.

घरी सासूबाई ओसरीत गहू निवडत बसल्या होत्या. मिस्टरांनी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"देवानं देल्लं ते देवच पाहीन," त्या म्हणाल्या. "कोर्टाले काय इचारता? कोर्टानं देल्लं व्हतं का?"

"आई, डॉक्टर म्हन्ते का त्याचे हाल होईन."

"डॉक्टर काईबी म्हन्ते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुले काय वाटते? तू तं बोल."

मी सूप ओढून घेतलं आणि गहू निवडायला लागले. पोटात ते हलत होतं. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला ते नेहमीच जास्त हलायचं. मला त्याचे हाल व्हायला नको होते आणि ते मला हवंही होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि एवढं कोणाला ऐकवणार?

वकीलबाई मिस्टरांच्या एका मित्राच्या ओळखीनं मिळाल्या. पुलगावकडच्या, वयानं माझ्याहून लहान. नागपूरला त्यांच्या छोट्या ऑफिसात बसलो, तेव्हा त्यांनी आधी मला पाणी दिलं, मग पाय वर घेऊन बसायला दुसरी खुर्ची ओढून दिली. अशा केसेस कोर्ट लवकर घेतं, असं त्यांनी सांगितलं. "वर्षं नाही लागत. पण दिवस लागतात. आणि आपल्याकडं दिवसच कमी आहेत."

त्यांनी टाइप केलेली याचिका माझ्यापुढं ठेवली. सगळी इंग्रजीत. मी बी.ए. आहे, पण त्या इंग्रजीपुढं माझं बी.ए. पुरलं नाही. पहिल्या पानावर माझं नाव शोधलं, तर ते नव्हतंच. तिथं इंग्रजीतली तीन अक्षरं होती.

"तुमची ओळख बाहेर जाऊ नये म्हणून असं लिहितात," त्या म्हणाल्या.

खाली लिहिलं होतं, विरुद्ध महाराष्ट्र शासन. मी मिस्टरांकडे पाहिलं. आम्हाला शासनाशी काही भांडण नव्हतं. आम्ही तर वेळेवर कर भरणारी माणसं.

"भांडण नाही हो ताई, तशी पद्धत आहे. कोणाच्या तरी विरुद्ध असावंच लागतं."

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि थोडा आवाज उतरवून विचारलं, "एक गोष्ट विचारावी लागते. एवढ्या महिन्यांचं बाळ बाहेर येतं तेव्हा ते जिवंत असू शकतं. काही आईबाप म्हणतात, आधीच इंजेक्शन देऊन हृदय थांबवायची परवानगी मागा. ती मागायची का?"

मिस्टरांनी मान खाली घातली. दुकानात चार गिऱ्हाइकांशी एकाच वेळी बोलणारा, कुकरच्या रबरापासून लग्नाच्या आहेराच्या समईपर्यंत सगळं तोंडपाठ असलेला माणूस, पण त्या खोलीत तो माझ्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला.

"नको," मी म्हटलं.

का म्हटलं ते आजही नीट सांगता येत नाही. त्या सगळ्या प्रकरणात माझं स्वतःचं असं तेवढंच होतं, आणि ते पानांवर आलं नाही.

पहिल्या तारखेला मी कोर्टात गेले. यायची गरज नाही, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या, पण आम्ही उतरलो होतो त्या नणंदेच्या घरी मला बसवेना. दगडी इमारत, वर घुमट, गेटवर पास काढून आत जायचं. आत मोठी, थंडगार खोली. मी शाल आणली नव्हती. समोर उंचावर दोन न्यायमूर्ती बसलेले, खाली काळ्या गाऊनातले वकील, आणि पडद्यावर बदलत जाणारे प्रकरणांचे आकडे. आमच्या आधी कुठल्या तरी गावच्या पाण्याच्या टाकीचं प्रकरण चाललं होतं. टाकी कुठं बांधायची यावर बराच वेळ बोलणं झालं. मग आमचा आकडा आला.

वकीलबाई उभ्या राहून बोलायला लागल्या. त्यांच्या बोलण्यातले मला मधले मधले शब्दच कळत होते. एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, फीटस. हे कोणाबद्दल चाललंय ते समजायला मला क्षण लागला. आणि तेव्हाच त्यानं आतून जोरात लाथ मारली. मी दोन्ही हात पोटावर ठेवले. शेजारी बसलेली कोणी अनोळखी बाई माझ्याकडे बघून हसली, पहिलटकरणीकडे पाहून हसतात तशी. तिला काय माहीत.

एका न्यायमूर्तींनी विचारलं, याचिकाकर्ती हजर आहे का. वकीलबाईंनी माझ्याकडे हात केला. मी उठायला लागले, तर ते मराठीत म्हणाले, "बसा, बसा. उभं राहू नका."

तेवढंच. मला ते काहीतरी विचारतील असं वाटलं होतं. रात्रभर उत्तरं जुळवून ठेवली होती. विचारलं असतं तर त्यातलं एकही सांगता आलं नसतं, ही गोष्ट वेगळी. सरकारी वकीलही काही विरोधात बोलले नाहीत. नागपूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या मंडळानं मला तपासावं आणि अहवाल द्यावा, असा आदेश झाला. पाण्याच्या टाकीपेक्षा आमचं लवकर आटोपलं.

बाहेर आल्यावर मिस्टरांनी विचारलं, "मंग हो म्हन्ले का नाई म्हन्ले?"

"दोन्ही नाही," वकीलबाई म्हणाल्या. "डॉक्टरांना विचारलंय."

"पण डॉक्टरनंच तं आमाले कोर्टात धाडलं ना?"

त्यांनी फाइल पिशवीत घातली. त्यांचाही नाइलाज होता.

मध्ये पोळा आला. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची सुट्टी, त्याला लागून शनिवार-रविवार. मंडळातले सगळे डॉक्टर एकत्र बसायला त्यानंतरचा दिवस मिळाला. नणंदेचं घर इतवारीकडं, गल्लीत. सकाळपासून ढोल वाजत होते. मारबतीचे पुतळे गावाबाहेर जाळायला नेणारी मिरवणूक जवळून जाणार होती आणि "इडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" असा गलका गल्लीपर्यंत येत होता. नणंदेनं खिडकी लावून घेतली.

"पोटुशीनं पाहू नाई," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिलाच काय बोललो ते उमगलं. तिनं तोंडावर पदर घेतला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मी लावलेल्या खिडकीशी बसून राहिले. घेऊन जा, घेऊन जा, असं बाहेर शेकडो लोक ओरडत होते. मी एकटीच बहुतेक त्या शहरात अशी होते, जिला काय घेऊन जा म्हणावं ते ठरवता येत नव्हतं.

दुपारनंतर तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी नंदी ओढत घराघरांतून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघाली. दाराशी एक छोटीशी मुलगी आली. डोक्याला फेटा, ओठांवर काजळाच्या मिश्या, नंदीच्या शिंगांना बेगड. नणंद आत होती, म्हणून मीच उठून दार उघडलं. नंदीला कुंकू लावलं, तिच्या हातावर खाऊ ठेवला. ती माझ्या पोटाकडे बघत म्हणाली, "काकू, तुमच्या बाळाले पन नंदी घ्यान का?"

"घेईन," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मंडळाच्या तपासणीत मला पाच-सहा डॉक्टरांनी पाहिलं. मेंदूचे, हृदयाचे, लहान मुलांचे, मनाचे. सगळे नीट बोलले. मनाच्या डॉक्टरांनी विचारलं, झोप लागते का, रडू येतं का, हा निर्णय तुमचा स्वतःचा आहे का. मी तिन्हीला हो म्हटलं. झोप लागत नव्हती, पण लागत नाही म्हटलं तर अहवाल बिघडेल की काय, अशी भीती वाटली. आम्हाला कशाचीही भीती वाटत होती. मिस्टर तर दवाखान्याच्या पायऱ्यांवर उजवं पाऊल आधी टाकत होते. एरवी देवदेव न करणारा माणूस, मित्रांनी पाहिलं असतं तर हसले असते.

पोळा झाल्यावर माझे बाबा आले. गिरडजवळचं आमचं गाव. पोळ्याला बैल सोडून त्यांना निघता येत नव्हतं, म्हणून सण आटोपल्यावर बैल माझ्या भावावर सोपवून, जामच्या फाट्यावर गाडी बदलून आले. येताना आईनं दिलेले डिंकाचे लाडू आणले होते. आईला कोणी नीट सांगितलंच नव्हतं. तिला वाटत होतं, मी नागपूरला मोठ्या डॉक्टरला दाखवायला आलेय. बाबांनी डबा माझ्या हातात दिला नाही, नणंदेच्या हातात दिला, आणि माझ्याजवळ येऊन बसले.

"बाबा, मी बरोबर करून राह्यली का?" मी विचारलं.

"मले काय समजते माय," ते म्हणाले. "मी तं वावरातला मानूस. तू म्हनशीन तसं."

मला राग आला. सगळेच म्हणत होते, तू म्हणशील तसं. आणि म्हणायला गेले की पुढचा दरवाजा दुसऱ्याच्या हातात असे.

दुसऱ्या तारखेला बाबाही कोर्टात आले, धुतलेलं धोतर आणि टोपी घालून. शाल या वेळी मी आठवणीनं घेतली होती. अहवाल बंद पाकिटात आला. न्यायमूर्तींनी तो वाचला, एकमेकांशी हळू आवाजात बोलले, आणि मग त्यांच्यातल्या एकानं आदेश सांगायला सुरुवात केली. खाली बसलेली बाई तो भराभर टाइप करत होती. बाबा माझ्या कानाशी लागून विचारत होते, "काय म्हन्ते?" मी मान हलवत होते, कारण मलाही कळत नव्हतं. वकीलबाई मागं वळल्या आणि त्यांनी हळूच मान डोलावली, तेव्हा कळलं की हो म्हणताहेत.

बाहेरच्या व्हरांड्यात त्यांनी आम्हाला आदेशातला शेवटचा भाग मराठीत सांगितला. गर्भपाताला परवानगी आहे. बाळ जिवंत जन्मलं, तर दवाखान्यानं त्याची सगळी काळजी घ्यायची. आणि हे सगळं कधी, तर याचिकाकर्तीची इच्छा असल्यास.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तुमची इच्छा असेल तर तुम्ही जाऊ शकता. नसेल तर कोणी जबरदस्ती करणार नाही. कोर्टानं फक्त वाट मोकळी केली."

मी खाली पायरीवर बसले. मला वाटलं होतं, एवढ्या मोठ्या इमारतीतून एक निकाल येईल. करा, किंवा करू नका. माझ्या अंगावरून ते कोणीतरी उचलून घेईल. दोन न्यायमूर्ती, एवढे डॉक्टर, एवढे वकील, आणि शेवटी ते पुन्हा माझ्याच ओटीत आणून टाकलं. आता दोष द्यायला सरकारही उरलं नाही.

मिस्टर शेजारी बसले. "काय करू?" ते म्हणाले. खरंच विचारत होते.

"चला," मी म्हटलं.

दवाखान्यात भरती झाल्यावर औषधं दिली, कळा सुरू झाल्या. इतर बायांच्या कळांसारख्याच होत्या. शेजारच्या पलंगावरची बाई ओरडत होती आणि तिची आई तिला म्हणत होती, "थोडंसंक राह्यलं, लेकराचं तोंड पाह्यलं का सारं इसरशीन." मी ते ऐकत पडले होते.

मुलगी झाली. रडली नाही, पण श्वास घेत होती. डॉक्टरांनी लगेच लहान मुलांच्या डॉक्टरांना बोलावलं होतं. त्यांनी तिला पाहिलं, नळी वगैरे लावून पाहिली, मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, फार वेळ नाही, घेता का?

मिस्टर दाराशी होते. ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

मी घेतलं. डोकं मोठं होतं, ते त्यांनी कापडात छान गुंडाळलं होतं, त्यामुळे फक्त चेहरा दिसत होता. केस दाट होते. कान आमच्या घरच्यांसारखे, बाहेर आलेले. मी तिला म्हटलं, "आली का गं." एवढंच सुचलं. तिचा श्वास मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा, आणि मी प्रत्येक वेळी वाट बघायची. मग एकदा तो पुन्हा सुरू झाला नाही. तिला दुखलं का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते नाही म्हणाले. मी विश्वास ठेवला. ठेवण्यावाचून दुसरं काही हातात नव्हतं.

बाबा म्हणाले, मी घेऊन जातो गावाला, आपल्या वावरात. मिस्टर त्यांच्याबरोबर गेले. गाडीत बाबांनी तिला मांडीवर घेतलं होतं, रस्ताभर कोणाला दिलं नाही, असं मिस्टरांनी पुढं कितीतरी दिवसांनी सांगितलं. मला जाता आलं नाही. कुठं ठेवलं ते मी नंतर पाहिलं. तिथं आता तूर असते, कधी कपाशी.

आर्वीला परत आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला दूध आलं. याबद्दल मला कोणी काही सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. पदर भिजला आणि मी मोरीत जाऊन दार लावून घेतलं. छाती दगडासारखी झाली होती. सासूबाईंनी दारावर थाप मारली.

"उघड."

मी उघडलं नाही.

"उघड म्हन्तो ना. मले ठाऊक हाय."

त्यांनी मला आत नेलं, पत्ताकोबीची मोठमोठी पानं सोलून काढली, लाटण्यानं शिरा ठेचल्या आणि माझ्या छातीवर ठेवून वरून जुन्या लुगड्यानं आवळून बांधलं. ज्या बाईनं, कोर्टानं देल्लं व्हतं का, असं विचारलं होतं, तिनं त्या दिवसापासून एकदाही तो विषय काढला नाही. बांधता बांधता फक्त एवढं म्हणाल्या, "माह्या पहिल्याच्या वेळेस असंच बांधलं व्हतं." त्यांना एक पहिलं होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मिस्टरांनाही नव्हतं.

आम्हाला नंतर मूल झालं नाही. दुकान चालू आहे. दुपारी मी गल्ल्यावर बसते.

गेल्या उन्हाळ्यात एक फोन आला. समोरून कोणी बाई बोलत होती, हिंगणघाटकडची. वकीलबाईंनी मला आधी विचारून माझा नंबर तिला दिला होता. तिचंही तेच, आठवडे उलटून गेलेले, दुसऱ्या दिवशी कोर्टात तारीख.

"ताई, तिथं काय इचारते?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, शाल घेऊन जाजो, आत लई थंडी असते. काहीतरी खाऊन जाजो. उभं राहू नको, बसू देते. अन् इचारत कोणी काही नाई.

"इचारत नाई?" ती म्हणाली. "मंग ठरवते कोन?"

मला वाटलं, हिला सांगावं. पण उद्याची सकाळ तिची होती. तिला अजून वाटत होतं की ते उद्या कोणीतरी ठरवणार आहे, आणि तेवढ्यावर ती आजचा दिवस काढत होती.

"कोर्ट सांगते," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातला ताण थोडा सैल झालेला मला ऐकू आला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, पण मी तिला बोलू दिलं.